खोड आणि जात : मुलांच्या प्राणिकादंबरीतील नायकाचा प्रश्न

१

मुलांसाठी लिहिलेल्या प्राणिकथेचा वा प्राणिकादंबरीचा नायक निर्दोष असावा की सदोष, हा प्रश्न मराठी बालसाहित्याच्या चर्चेत अधूनमधून उपस्थित होतो आणि दोन ठरावीक उत्तरांपाशी येऊन थांबतो. पहिले उत्तर संस्कारवाद्यांचे. मूल अनुकरणशील असते. त्याच्यापुढे शूर, सत्यवचनी, परोपकारी ससा वा हरिण ठेवावे. नायकाच्या ठायी लोभ, भय, मत्सर दाखवल्यास मूल नेमके तेवढेच उचलते, असे हा पक्ष मानतो. दुसरे उत्तर त्यामानाने अलीकडचे असून ते लेखनाच्या कार्यशाळांमधून प्रचारात आले आहे. नायकाला एखादा दोष द्यावा म्हणजे तो 'जिवंत' वाटतो. मधल्या प्रकरणांत त्या दोषामुळे संकट ओढवावे आणि अखेरीस दोषावर मात करून नायक 'घडावा', असे हा दुसरा पक्ष सांगतो.

ही दोन्ही उत्तरे परस्परविरोधी भासत असली तरी ती एकाच गृहीतकावर उभी आहेत. दोष ही नायकाच्या अंगावर बाहेरून घातलेली एखादी वस्तू आहे. लेखकाने ती घालावी किंवा उतरवून ठेवावी, कथेच्या उर्वरित विश्वाला त्याचा धक्का लागत नाही, हे ते गृहीतक होय. प्रस्तुत लेखाचा आक्षेप या गृहीतकावरच आहे. कथाविश्वातून दोष नाहीसा होत नाही, त्याची वाटणी होते. नायकाच्या वाट्याचा दोष काढून घेतला की तो दुसऱ्या कोणाच्या तरी पदरात टाकावा लागतो. आणि प्राणिकथेत हा 'दुसरा' बहुधा एखादी व्यक्ती नसून प्राण्यांची एक संपूर्ण जात असते. म्हणून नायकाच्या दोषाचा प्रश्न हा रचनेचा प्रश्न आहेच, पण त्याहून अधिक तो न्यायाचा प्रश्न आहे.

२

या संदर्भात मराठी भाषेची एक साक्ष महत्त्वाची ठरते. प्राण्यांच्या प्रकाराला मराठीत 'जात' म्हणतात आणि माणसांच्या जन्मसिद्ध श्रेणीलाही 'जात'च म्हणतात. 'जात्याच हुशार', 'जात्याच लबाड', 'शेवटी जातीवर गेला', 'जातिवंत घोडा' हे सारे प्रयोग या दोन अर्थांच्या सीमारेषेवर उभे आहेत. कोल्हा जात्याच लबाड असतो, असे वाक्य मराठी मुलाच्या कानावर पडते तेव्हा त्याला केवळ प्राणिशास्त्रातील एक चुकीची माहिती मिळत नाही. स्वभाव जन्माने ठरतो, एका घरात जन्मलेले सारे सारखेच असतात, आणि त्यांच्यापैकी एखादा वेगळा वागला तरी तो तात्पुरता, हा विचार करण्याचा एक साचाच त्याला मिळतो. इंग्रजी वाचकाला प्राणिकथेतील या दोषवाटणीकडे रूपक म्हणून पाहता येईल. मराठी वाचकाला ती पळवाट उपलब्ध नाही, कारण त्याच्या भाषेत रूपक आणि वास्तव यांना शब्दच एक आहे.

परंपरेतील काही कथा हा साचा उघडपणे मांडतात. निळीच्या पिंपात पडून राजा झालेला पंचतंत्रातील चंडरव कोल्हा दुसऱ्या कोल्ह्यांची कोल्हेकुई ऐकताच स्वतःही ओरडतो आणि मारला जातो. मुनीने जिची मुलगी केली ती उंदरी सूर्य, मेघ, वारा, पर्वत या सर्वांना नाकारून अखेर उंदीरच वरते. या कथांचे तात्पर्य 'ढोंग टिकत नाही' असे सांगितले जाते. परंतु त्यांच्या तळाशी असलेले विधान 'जात टिकते' असे आहे. एकोणिसाव्या शतकात प्राणिकथा शालेय पुस्तकात आली. मुंबईत १८२२ मध्ये 'पंचोपाख्यान' छापले गेले, १८२८ मध्ये सदाशिव काशिनाथ छत्रे यांची 'इसापनीतिकथा' आली. शाळेच्या गरजेपोटी प्रत्येक गोष्टीखाली तात्पर्य आले आणि तात्पर्याच्या सोयीसाठी प्रत्येक प्राण्यावर एक चिठ्ठी चिकटली. सिंह उदार, कोल्हा लबाड, गाढव मूर्ख, मुंगी उद्योगी. निर्दोष नायकाची मागणी करणारा आजचा संस्कारवादी या चिठ्ठ्यांचाच वारसदार आहे.

३

निर्दोष नायकाची किंमत कोण मोजतो हे पाहायचे असेल तर मराठी मुलाला ज्ञात असलेल्या अगदी पहिल्या प्राणिकथेकडे वळावे. चिमणीचे घर मेणाचे, कावळ्याचे शेणाचे. पाऊस येतो, शेणाचे घर वाहून जाते, कावळा चिमणीच्या दाराशी येतो. चिमणी बाळाच्या अंघोळीपासून काजळतिटेपर्यंतची एकेक सबब सांगत त्याला बाहेर भिजत ठेवते. या कथेची पाठांतरे अनेक आहेत; काहींत कावळ्याला अखेर घरात घेतले जाते तेही चटका बसण्यासाठीच. पिढ्यान्‌पिढ्या सांगणाऱ्यांनी चिमणीला नीटनेटकी, बाळाची काळजी वाहणारी, गुणी नायिका मानले आहे. तिने दार उघडले नाही, हा तिचा दोष आहे असे कथा सांगतच नाही. मग दोष जातो कोठे? तो कावळ्याच्या घरात जातो. घर शेणाचे होते, म्हणून ते वाहून गेले; म्हणजे चूक त्याची.

ही कथा बीड जिल्ह्यातील मुलाने ऐकली तर काय होते, याचा विचार बालसाहित्याच्या समीक्षेने क्वचितच केला आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातून ऊसतोड कामगारांची कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' हेच नाव असते. हंगाम संपेपर्यंतचे काही महिने मुक्काम कारखान्याच्या तळावरील कोपीत. मुलांना गावीच ठेवता यावे म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे. तरीही आईबापांबरोबर जाणारी मुले आहेतच. अशा मुलाला अवकाळी पावसात कोपी गळणे म्हणजे काय, हे शिकवावे लागत नाही. शेणाने सारवलेली भुई हे त्याचे घर आहे. मेणाच्या घराचे दार बंद असणे हाही त्याच्या अनुभवाचा भाग आहे. हे मूल चिमणीच्या बाजूला उभे राहू शकत नाही. ते कावळ्याच्या बाजूला उभे राहते आणि कथा त्याला सांगते की तू ज्या बाजूला उभा आहेस ती दोषाची बाजू आहे.

येथे कोणी म्हणेल की मूल इतका विचार करीत नाही, ते नादात रमते. हे अर्धसत्य आहे. मूल विचार शब्दांत मांडत नाही. पण गोष्टीत कोण आत आहे आणि कोण बाहेर आहे, हे त्याला सर्वांत आधी कळते. चिमणीच्या हातून चूक झाली, एवढे एक वाक्य जर कथेने पत्करले असते तर नाद कमी झाला नसता. कावळ्याच्या मुलाला मात्र कथेत शिरायला दार मिळाले असते. नायिकेचा दोष मान्य करणे याचा अर्थ तिला हिणवणे नव्हे. दाराबाहेर भिजणाऱ्याचे म्हणणे कथेत दाखल करून घेणे, असा त्याचा अर्थ आहे.

४

संस्कारवादी पक्षाचा सर्वांत बळकट आधार जातककथांचा आहे आणि त्याची दखल घेतल्यावाचून पुढे जाता येणार नाही. दुर्गा भागवत यांनी 'सिद्धार्थजातक' या नावाने जातकांचा जो मोठा अनुवाद मराठीत आणला त्यात प्राणिरूपातील बोधिसत्त्व वारंवार भेटतो, आणि तो बहुधा आदर्शच असतो. महाकपि जातकातील वानरराज आपल्या देहाचा पूल करून कळपाला पार करतो. मग आदर्श प्राणिनायक ही आपलीच परंपरा नव्हे काय?

या युक्तिवादात दोन गोष्टी नजरेआड होतात. एक, जातकातील निर्दोषत्व ही एका जन्माची कमाई नाही. पाली संग्रहात ५४७ जातके आहेत. पारमिता अनेक जन्मांत साठत जाते. कादंबरीच्या नायकाला असा अवकाश नसतो. त्याच्याजवळ एकच जन्म असतो आणि त्या एका जन्मात त्याला संपूर्ण निर्दोष दाखवणे म्हणजे बोधिसत्त्वाचा प्रवास गाळून फक्त मुक्काम दाखवणे होय. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. त्याच महाकपि जातकात पूल झालेल्या वानरराजाच्या पाठीवर मुद्दाम उडी घेऊन त्याचे काळीज फोडणारा देवदत्त हाही त्या जन्मी वानरच आहे. त्याग करणारा वानर आणि घात करणारा वानर एकाच कळपातले आहेत. जातकाने नायक निर्दोष ठेवला, पण दोषाचा भार एखाद्या जातीवर टाकला नाही. तो एका व्यक्तीच्या कर्मावर ठेवला. आजच्या अनुकरणांत नायकाचे निर्दोषत्व तेवढे उरले आहे आणि ही न्यायबुद्धी गळून पडली आहे.

पंचतंत्रातही चंडरवापलीकडे पाहिले तर दुसरे चित्र दिसते. पहिल्या तंत्रातील पिंगलक सिंह बैलाच्या डरकाळीने घाबरतो, त्याच बैलाशी मैत्री करतो आणि कानभरणीला बळी पडून त्याला ठार करतो. त्याचा पश्चात्ताप संजीवकाला परत आणीत नाही; दमनक मंत्रिपदावर राहतोच. दुसऱ्या तंत्रातील हिरण्यक उंदीर तर या विषयासाठी विशेष उद्‌बोधक आहे. कबुतरांचे जाळे कुरतडणारा हा आदर्श मित्र पूर्वायुष्यात एका संन्याशाच्या भिक्षापात्रावर रोज डल्ला मारीत असे. बिळाखालचा धनसंचय खणून नेल्यावर त्याची उडी मारण्याची ताकद गेली, अनुचर सोडून गेले. ज्या दातांनी त्याने चोरी केली त्याच दातांनी तो मित्राला सोडवतो. त्याचा गुण आणि त्याचा दोष दोन्ही उंदीरपणातून येतात आणि त्यांतला एक काढून दुसरा ठेवता येत नाही.

५

जातिनिहाय दोषवाटणी काही केवळ मराठी प्राणिकथेची मक्तेदारी नाही. किपलिंगच्या १८९४ मधील 'द जंगल बुक'मध्ये मध्य भारतातील वानरांची अख्खी जमात कायदा नसलेली, स्मृती नसलेली, तिरस्करणीय म्हणून रंगवली आहे. लिव्हरपूलच्या ब्रायन जॅक्सने तेथील अंध मुलांच्या शाळेसाठी लिहायला घेतलेली आणि १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेली 'रेडवॉल' ही कादंबरी व तिची प्रदीर्घ मालिका हे या पद्धतीचे आधुनिक उदाहरण होय. उंदीर, खारी, पाणमांजरे सज्जन; घुशी, मुंगसासारखे वीझल व फेरेट, कोल्हे हे दुर्जन. पहिल्या कादंबरीचा नायक मथायस याच्या वाट्याला आरंभी आलेली उणीव कोणती, तर पायांपेक्षा मोठ्या चपलांमुळे त्याचे धडपडणे. कार्यशाळेतील 'दोष द्यावा' या उपदेशाचे हे नमुनेदार फळ आहे. असा दोष कोणालाही दुखवीत नाही, म्हणून तो कोणाला काही शिकवीतही नाही. १९९५ च्या 'आउटकास्ट ऑफ रेडवॉल'मध्ये याच मठात वाढलेले फेरेटचे पोर अखेर आपल्या पालनकर्तीसाठी प्राण देते. तरीही ते मुळात वाईटच होते याच निष्कर्षाकडे कथा झुकते. 'शेवटी जातीवर गेला' या मराठी वाक्प्रयोगाचा इतका तंतोतंत अनुवाद शोधून सापडणार नाही.

याच इंग्रजी साहित्यात वेगळे मार्गही आहेत. रिचर्ड ॲडम्सच्या 'वॉटरशिप डाउन'मध्ये (१९७२) सशांचा शहाणा नायक हेझल एका शेतावरील पाळीव सशांना सोडवण्याच्या धाडसावर स्वतः निघतो. त्यामागे कळपाची गरज आहे, तशी काहीतरी करून दाखवण्याची हौसही आहे. गोळी लागते आणि तो कायमचा लंगडा होतो. शेवटच्या प्रकरणापर्यंत ते लंगडणे बरे होत नाही. ई. बी. व्हाइटच्या 'शार्लट्स वेब'मध्ये (१९५२) शार्लट ही कोळीण विल्बर नावाच्या डुकराच्या पिल्लाला वाचवते. पण माश्यांना जाळ्यात गुंडाळून त्यांचे रक्त पिणे ती सोडत नाही. विल्बरला प्रथम तिची किळस येते, भीती वाटते. कादंबरी तिला 'सुधारत' नाही. विल्बरला, आणि त्याच्याबरोबर वाचकाला, एवढेच शिकावे लागते की आपल्यावर माया करणारा जीव दुसऱ्या कोणासाठी काळ असू शकतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हे कळत नाही म्हणणाऱ्यांनी मुलाला फार कमी लेखले आहे.

या दोन कादंबऱ्यांतील दोष आणि मथायसच्या चपला यांत अंतर कोणते? पहिल्या प्रकारचा दोष प्राण्याच्या जगण्यातून आला आहे, त्याची किंमत कोणीतरी मोजली आहे आणि तो समारोपात पुसून टाकलेला नाही. दुसऱ्या प्रकारचा दोष हे कर्ज आहे. ते अखेरच्या प्रकरणात फेडण्यासाठीच काढलेले असते.

६

पहिल्या प्रकारच्या दोषासाठी मराठीत एक नेमका शब्द आहे आणि तो समीक्षेच्या परिभाषेतून नव्हे, जनावरांच्या बाजारातून आलेला आहे. तो शब्द म्हणजे 'खोड'. नेकनूरच्या बाजारात बैल घेणारा शेतकरी 'याच्यात दोष काय' असे विचारीत नाही. 'खोड काय' असे विचारतो. बैल मारका आहे, बसका आहे, जू मानेवर घेताना अंग काढतो. 'दोष' या शब्दात निवाडा आहे, 'खोडी'त इतिहास आहे. मारक्या बैलाला कधीतरी कोणीतरी मारलेले असते. बसक्या बैलावर कधीतरी न पेलणारा भार घातलेला असतो. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असे म्हण सांगते. परंतु त्या खोडीसह त्याच बैलावर घर चालते, पोळ्याला त्याचीच पूजा होते. ही म्हणही पुष्कळदा 'जात्याच'च्या अर्थाने वापरली जाते, हे खरे. तथापि बाजारातील व्यवहारात खोड ही नेहमी एका जनावराची असते, बैल या जातीची नसते. मराठी प्राणिकादंबरीच्या नायकाला हवी असलेली गोष्ट ती हीच.

खोडीला इतिहास न देता हेतू चिकटवला की काय घडते, याचे उदाहरण याच जिल्ह्याने डिसेंबर २०२१ मध्ये पुरवले. माजलगाव तालुक्यातील लऊळ या गावी वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून उंचावर नेत आणि पिल्ले मरत. कुत्र्यांनी वानराचे पिल्लू मारले म्हणून वानरांनी 'सूड' उगवला, अडीचशे पिल्ले मारली, अशी बातमी जगभर पसरली. वनखात्याने नागपूरहून पथक आणून दोन वानरे पकडली. अडीचशे हा आकडा टिकला नाही. वानर पिल्लू उचलते, उवा वेचते, जवळ बाळगते. झाडावर वा छपरावर त्या पिल्लाला अन्नपाणी मिळत नाही, ते उपाशी मरते किंवा पडते, असे साधे स्पष्टीकरण जाणकारांनी दिले. पण तोवर कथा तयार झाली होती आणि तिच्यात एका जातीला खलनायकपद बहाल झाले होते. वर्तमानपत्रांना आणि समाजमाध्यमांना ही कथा इतक्या सहज सुचली, कारण प्राण्यांच्या गोष्टी अशाच असतात, हे लहानपणापासून मुरलेले होते. पिल्लाला कुशीत घेणाऱ्या आणि त्यामुळेच त्याच्या मृत्यूला कारण होणाऱ्या वानराची कथा कोणी सांगितली नाही. वास्तविक बालकादंबरीला याहून सखोल नायक कोठे मिळणार होता? माया आणि घात एकाच कृतीत आहेत, आणि सूड कोठेच नाही.

अशी कथा मराठीत लिहिता येत नाही, असेही नाही. व्यंकटेश माडगूळकर यांची 'सत्तांतर' ही कादंबरी १९८२ मध्ये प्रसिद्ध झाली, १९८३ मध्ये तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी माडगूळकर बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. 'सत्तांतर' वानरांच्या टोळ्यांविषयी आहे. टोळी बळकावणारा नर आधीच्या नराची पिल्ले मारतो, हे वर्तन १९६० च्या दशकात सुगियामा यांनी धारवाड परिसरात आणि १९७० च्या दशकात सारा हर्डी यांनी अबू येथे नोंदवले होते. माडगूळकरांची कादंबरी अशाच निर्दय जगात वावरते. परंतु ती कोणाही वानराला खल ठरवीत नाही आणि कोणालाही साधू करीत नाही. ती मुलांसाठी लिहिलेली नाही, हे मान्य. तथापि मुलांसाठी लिहिणाऱ्याने तिच्याकडून घ्यावी अशी गोष्ट तिच्यातील हिंसा नव्हे. निवाडा न देता पाहण्याची तिची शिस्त तेवढी त्याने घ्यावी.

येथे संस्कारवादी पक्षाचा अखेरचा आक्षेप उरतो : मुलाला आधार हवा असतो, आणि सदोष नायक तो आधार काढून घेतो. या आक्षेपात तथ्य आहे. पण आधार कशाने मिळतो याविषयीची त्यातील समजूत चुकीची आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये आष्टी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे मरण पावली. डिसेंबरात करमाळा तालुक्यात तो बिबट्या गोळी घालून मारण्यात आला. त्या तालुक्यातील मुलाला उदार, राजस बिबट्याची गोष्ट सांगितली तर ते सांगणाऱ्यावर विश्वास ठेवणार नाही. बिबट्या ही जातच क्रूर अशी गोष्ट सांगितली तर त्याचे भय कायमचे होईल. भुकेलेला, चुकलेला, माणसाच्या वस्तीत शिरलेला आणि घात करून बसलेला बिबट्या ही गोष्ट कठीण आहे. पण त्या मुलाने पाहिलेल्या जगाशी जुळणारी तीच आहे. ज्या गोष्टीवर विश्वास बसतो तीच आधार देते.

७

म्हणून नायकाला दोष 'असावा की नसावा' हा प्रश्न बाजूला ठेवून समीक्षेने प्रत्येक प्राणिकादंबरीला तीन प्रश्न विचारणे इष्ट ठरेल. नायकाच्या अंगी जे उणे आहे ते त्याच्या प्राणिपणातून आले आहे की लेखकाच्या टाचणवहीतून? त्याची किंमत कथेत कोण मोजतो, आणि त्या मोजणाऱ्याला कथेत आवाज आहे काय? नायकाच्या जातीत एखादा दुर्जन आणि शत्रूच्या जातीत एखादा सज्जन संभवतो काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर त्या कादंबरीतील नायक कितीही शूर, नम्र आणि परोपकारी असो, तिने मुलाला दिलेली शिकवण जन्मसिद्ध श्रेष्ठतेचीच आहे. परीक्षक, पाठ्यपुस्तक मंडळे आणि पालक 'संस्कारक्षम' या विशेषणाखाली आजही अशा कथांना झुकते माप देतात. नायकाच्या अंगावर डाग नाही, एवढे पाहून ते समाधान पावतात. तो डाग कोणाच्या कपाळी गेला, हे पाहत नाहीत. बीडच्या वसतिगृहात गोष्टीचे पुस्तक उघडणाऱ्या मुलाला मात्र तो कपाळ कोणाचे आहे हे लगेच ओळखू येते.